फळेवाले आणि माझ्या भिंतीवरची रेघ

२०१८ साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो. दात शाबूत होते, गुडघे गेले होते आणि कोणाचं ऐकून घ्यायची सवय मला तेव्हाही नव्हती. त्या वर्षी मला एका माणसाचं ऐकावं लागलं. मी इथं लिहितो ते त्याच्याविषयी.

महाडातून औद्योगिक वसाहतीकडे जाताना डाव्या हाताला जी नवी कॉलनी उठली आहे, तिच्या तोंडाशी एक बदामाचं झाड आहे. झाडाखाली हे गृहस्थ बसायचे. एक लोखंडी खुर्ची, एक काळी छत्री आणि झाडाला टेकवलेला शाळेतला असतो तसला फळा. नाव मला माहीत आहे, पण लिहीत नाही. बारा महिने कॉलनीची खबर त्या फळ्यावर लिहिली, पण स्वतःचं नाव त्यांनी एकदाही लिहिलं नाही, मग मी कशाला लिहू. लोक त्यांना फळेवाले म्हणायचे. ते सगळ्यांना मालक म्हणायचे. जमीनवाल्याला मालक, भाडेकरूला मालक, वॉचमनलाही मालक. एकदा दारावर आलेल्या भिकाऱ्याला "मालक, सावलीत बसा" म्हणताना मी ऐकलं आहे.

मूळचे वरंधकडचे. कंपनीत स्टोअरला होते, निवृत्त झाल्यावर भाड्याच्या खोल्या मिळवून द्यायला लागले. आमच्याकडे त्याची गरज फार. कंपन्यांत तीन पाळ्या चालतात. पोलादपूरच्या वाड्यांतून, कशेडीच्या पलीकडून, पार उत्तरेकडून पोरं येतात आणि त्यांना रात्रपाळी करून दिवसा झोपता येईल अशी खोली पाहिजे असते.

दलाल पुष्कळ होते. पण फळेवाल्यांची तऱ्हा वेगळी. खोली बघायला आले की आधी दारात उभं राहून नाक वर करायचे. कंपनीचा वास कोणत्या वाऱ्याला येतो ते बघायचे. मग छत्रीच्या टोकाने फरशी ठोकत चारी कोपरे फिरायचे. मग पेपर पसरून जमिनीवर आडवे व्हायचे आणि पंधरा मिनिटं डोळे मिटून पडायचे. घरमालक बिचारा चहा घेऊन उभा. उठून एवढंच म्हणायचे, "वरच्यांचं मिक्सर लय वाजतं," नाहीतर, "हितं दुपारची झोप लागंल."

ते सगळं फळ्यावर जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या अक्षरात. "मागच्या गल्लीत एक खोली. नळ सकाळी अर्धा तास. वरच्यांचं मिक्सर." त्याच्याखाली "तिसऱ्या इमारतीत मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत." त्याच्याखाली "तांबडी शेळी चुकली आहे, कान फाटका." सगळं एका रांगेत. मी चौथीपर्यंत शिकलो. वाचता येतं, पण सावकाश. मी फळ्यासमोर उभा राहिलो की चहा थंड व्हायचा. फळेवाले मला घाई करायचे नाहीत, ही एक गोष्ट मला त्यांच्यात पहिल्यापासून आवडली.

त्यांचं एक बोलणं ठरलेलं होतं. कोणी म्हणालं, "हे पण लिहा ना," की म्हणायचे, "डोळ्यानं बघितलं नाय ते खडूला सांगायचं नाय."

आणि दलाली? खोली ठरली की नवीन बिऱ्हाडाने पहिल्या दिवशी जे रांधलं असेल ते त्यांना जेवायला घालायचं. तेवढीच. पिठी-भात असो नाहीतर सुकट-भाकरी. ताटावर बसले की पंखा कुठे आहे, धूर कुठून जातो, सगळं परत बघून घ्यायचे. बायको वारली होती, मुलगी भोरला दिलेली. गावातले दुसरे दलाल म्हणायचे, म्हातारा जेवणावारी धंदा करतो. ते म्हणायचे, "बरोबर हाय. महिन्याला वीस घरी जेवतो, तुम्ही एकाच."

एकदा मोठ्या इमारतीच्या बिल्डरचा माणूस त्यांच्यावर चालून आला. पांढरे बूट, कानाला फोन. बिल्डरने हायवेला इमारतीची हसऱ्या बाईची भली मोठी पाटी लावली होती आणि यांनी फळ्यावर लिहिलं होतं, "नवीन इमारतीत तिसऱ्या मजल्याला पाणी चढत नाय."

"काका, बदनामी करता काय? पुसा ते," तो म्हणाला.

फळेवाल्यांनी ओलं फडकं त्याच्या हातात दिलं. "पुसा की मालक. पण आधी वर जाऊन नळ सोडून या."

आम्ही पाच-सहाजण उभे होतो, त्यामुळे त्याला जावं लागलं. लिफ्ट बंद. खाली आला तेव्हा घामाघूम, शर्ट अंगाला चिकटलेला. फडकं त्याने फळ्याला लावलं नाही, त्याच फडक्याने बुटावरची धूळ पुसली आणि गेला. आठ दिवसांनी फळ्यावर आलं, "तिसऱ्या मजल्याला पाणी चढलं. मोटर नवीन. मी स्वतः हात धुतले." त्या ओळीचा फोटो बिल्डरने स्वतः येऊन काढून नेला आणि दिसेल त्या गिऱ्हाइकाला दाखवत सुटला.

आता माझं सांगतो.

कॉलनीच्या खालच्या अंगाला आमची वडिलोपार्जित जागा. कॉलनी उठली तेव्हा आजूबाजूच्यांनी शेतं दिली, मी दिलं नाही. शेजारी माझा चुलत भाऊ शिवराम, त्यानेही दिलं नाही. तेवढ्या एका बाबतीत आमचं एकमत होतं, बाकी अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नव्हतो. कारण बांधावरचा फणस. तो म्हणे त्याचा, मी म्हणे माझा. पुढे फणस वादळात पडला, भांडण उभंच राहिलं. मी मधे शेराचं, त्या पांढऱ्या चिकाच्या झुडपाचं, कुंपण लावलं. ते पुरुषभर वाढलं.

बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा डोंबिवलीला. त्या उन्हाळ्यात मी न्हाणीत घसरलो आणि दूधवाला येईपर्यंत तिथंच पडून होतो. हाड मोडलं नाही, पण मुलाच्या कानावर गेलं. तो आला आणि म्हणाला, "बाबा, मला टेन्शन येतं हो. एकटं नाही राहायचं आता. जागा देऊन टाकू नि तुम्ही माझ्याकडं चला."

"मी तुझ्या खिडकीत कबुतरासारखा बसणार नाय," मी म्हटलं.

भांडून भांडून शेवटी एका गोष्टीवर तो आला. घराच्या पुढच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, त्यात चांगलं बिऱ्हाड आलं, घरात माणूस राहिलं, तर तो जागेचं नाव काढणार नाही. गणपतीला येईपर्यंत मुदत. नाहीतर गणपती विसर्जन झालं की मला डोंबिवली.

म्हणजे मला भाडेकरू पाहिजे होता, आणि भाड्यासाठी नाही.

आमच्या खालच्या अंगाला सावित्रीचं पाणी येतं. नेहमी येत नाही, पण येतं तेव्हा विचारून येत नाही. म्हणून महाडात ज्याच्या त्याच्या भिंतीवर रेघ असते, मोठ्या पुराचं पाणी कुठवर चढलं त्याची. दुकानदार तेलरंगाने मारतात. माझ्या पुढच्या खोलीत ती माझ्या बायकोने गेरूने काढली होती, पाणी उतरलं त्याच दिवशी, चिखलात उभी राहून. छातीएवढ्या उंचीला.

मी त्या भिंतीवर चुना मारला. दोन हात. लिहायला बरं वाटत नाही, पण मारला. रेघ बघून कोण येणार होतं?

मग फळेवाल्यांना बोलावलं. ते आले, नाक वर केलं, फरशी ठोकली, पेपर पसरून पडले. उठले आणि त्या भिंतीकडे बघत राहिले.

"मालक, एकाच भिंतीचं लगीन हाय काय?"

"ओल धरत होती," मी म्हटलं.

"खालून धरते ओल. तुम्ही वरून रंगवलीत."

मी म्हटलं, माझं घर, माझी भिंत. त्यांनी छत्री उचलली आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर माझ्या खोल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी नाहीत. आठ दिवस मी रोज सकाळी जाऊन फळा वरपासून खालपर्यंत वाचायचो. लोकांच्या सुनांची डोहाळजेवणं, लोकांच्या बंद पडलेल्या लिफ्ट. शेवटी मी म्हटलं, "अहो फळेवाले, माझ्या खोल्यांशी काय वैर?"

"वैर नाय. बघितलं तेवढंच लिहितो. तुमच्या भिंतीवर काय हाय ते मला दिसलं नाय."

"मग मी माझा फळा लावीन."

"लावा. खडू देऊ?"

मी खडू घेतला नाही. घरच्या फळीवर कोळशाने लिहिलं आणि फाटकाला टांगलं. दोन खोल्या भाड्याने. लिहायला सबंध सकाळ गेली.

एक सुपरवायझर आला, त्याने पुढच्या टपरीवर विचारलं, टपरीवाल्याने हात छातीला लावून दाखवला. तो माघारी फिरला. मग एक जोडपं आलं. तो कंपनीत पाळीवर जाणारा, शांत पोरगा. ती सहा महिन्यांची गरोदर. कशेडीकडचे. तिने दोन्ही खोल्या फिरून बघितल्या, आढ्याकडे बघून म्हणाली, "पाळणा हितं बांधता येईल गो बाय," स्वतःशीच. मग मला विचारलं, "आजोबा, पाणी येतं का हो घरात?"

"नाय येत," मी म्हटलं.

"मग बरं. आमच्याकडं घरामागं डोंगर सुटतो पावसात. सासू सगळा पावसाळा जागी. एक भीती टळली तर दुसरी नको." असं म्हणत तिने निघताना त्या भिंतीला हात टेकला. तळव्याला पांढरा चुना लागला. तिने तो बघितला आणि साडीला पुसला. रविवारी सामान आणतो म्हणून दोघं गेली.

ती गेल्यावर मी खुरपं घेऊन भिंतीपाशी बसलो. वाटलं, चुना काढला की खाली रेघ असेल. चुन्याबरोबर गेरूही निघाला. खालून नुसती माती आली. बायकोच्या हातचं घरात तेवढंच राहिलं होतं आणि ते मी माझ्या हाताने खरवडलं.

दुसऱ्या दिवशी बदामाखाली गेलो. फळेवाल्यांनी आपली खुर्ची मला दिली, हे त्यांनी आधी कोणासाठी केलेलं मी बघितलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. पोरीचंही सांगितलं.

त्यांनी उपदेश केला नाही. म्हणाले, "मी कंपनीत लागलो तेव्हा मला बी अशीच खोली मिळालेली. मालकानं सांगितलं नाय. पहिल्याच पुरात मुलीची शाळेची पुस्तकं तरंगत गेली. ती त्यांच्या मागं धावली, मी तिच्या मागं." मग म्हणाले, "रेघ परत मारायची ना?"

"अंदाजानं मारू काय? कोणाला फसवू परत?"

"अंदाज कशाला? पाणी काय तुमच्या एकट्याच्या घरात आलेलं? ते सगळ्यांकडं एकाच पातळीला उभं राहतं. शिवरामच्या भिंतीवर रेघ हाय ना?"

"असंल. पण मी त्याच्या दारात जाणार नाय."

"नका जाऊ. नळीचं टोक जाईल."

गवंडी पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक नळी, पाण्याने भरलेली. दोन टोकं कितीही लांब धरा, दोन्हीकडे पाणी सारख्याच उंचीला राहतं. फळेवाले ती खांद्यावर वेटोळं करून घेऊन आले. शिवरामला त्यांनी आधीच सांगितलं होतं. एक टोक कुंपणाच्या खालून सरकवलं आणि स्वतः मधे, शेराच्या झुडपापाशी, छत्री उघडून उभे राहिले. दोघांची जोती उंच, त्यामुळे कुंपणावरून माझ्या खिडकीतून शिवरामची खिडकी दिसते. तो पलीकडे आपल्या रेघेशी नळी धरून उभा. मी अलीकडे.

शिवराम ओरडला, "फळेवाले, दादाला सांगा वर धर म्हणून."

"मी फळा लिहितो," फळेवाले म्हणाले. "निरोप पोचवत नाय."

नळीतलं पाणी वर-खाली हलत होतं. माझा हात भरून आला.

शेवटी तोच म्हणाला, "वर धर, दादा."

"किती?"

"दोन बोटं."

"तुझी दोन का माझी दोन?"

"कोणाची बी धर, पण धर."

मी वर घेतलं. "आता?"

"लय झालं. खाली. आणखी थोडं. बस. हलू नको आता, अकरा वर्षं हलला नायस तसा राहा."

फळेवाले छत्रीआड तोंड करून हसत होते ते मला दिसलं.

मी पाण्याशी खूण केली. शिवराम खिडकीत आला. "वहिनीची रेघ गेली काय रे?"

"गेली."

"माझ्याकडची बी तिनंच काढलेली. आधी तुमची, मग हिकडं आली चिखलातून. मी म्हटलं राहू दे गो, तर म्हणाली, उद्या विसराल." मग म्हणाला, "ती हाय अजून. मी हात लावला नाय."

म्हणजे मी माझ्या भिंतीवर जी रेघ मारली ती तिच्याच रेघेवरून मारली. तेलरंगाने, तांबडी. जरा वाकडी आली आहे, पण उंची खरी आहे.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर माझ्या खोल्या आल्या. "खालच्या अंगाला दोन खोल्या. हवा चांगली. दुपारची झोप लागते. मोठ्या पुरात पाणी छातीएवढं, रेघ आहे, बघून घ्यावी. माळा आहे. मालक हेकट." मी म्हटलं, शेवटचं तेवढं कशाला. ते म्हणाले, "डोळ्यानं बघितलं."

रविवारी सकाळी ते जोडपं आलं, पण सामान नव्हतं. फळा वाचूनच आली होती दोघं. बरोबर फळेवाले. ती पोरगी सरळ रेघेपाशी गेली आणि रेघेला पाठ लावून उभी राहिली. रेघ तिच्या खांद्याशी आली.

"आजोबा, त्या दिवशी खोटं का बोललात?"

"खोली रिकामी राहील म्हणून."

"आणि आता?"

"आता बी राहील. पण तुला ठाऊक हाय."

तिचा नवरा म्हणाला, चला निघू. ती निघाली नाही. माळ्याकडे बघितलं, शिडीची पायरी दाबून बघितली. "मला अशा दिवसांत ही शिडी चढवणार नाय. बाळ घेऊन तर नायच."

खिडकीतून शिवराम म्हणाला, "माझ्याकडं पक्का जिना हाय, पोरी. वर स्लॅब हाय. पाणी चढायला लागलं की सगळी हिकडं या. दादाला बी आणा, हेकट असला तरी."

पोरीने खिडकीतून बाहेर बघितलं. "यायचं कुठनं? मधी एवढं कुंपण. चीक डोळ्यात गेला तर माणूस आंधळं व्हायचं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. फळेवालेही.

"बघतो," मी म्हटलं.

"बघा," ती म्हणाली. "आम्ही परवा येतो."

ती दोघं माझ्या घरात तीन वर्षं राहिली. पहिल्या दिवशी तिने वालाचं बिरडं केलं होतं, फळेवाल्यांनी तीनदा भात घेतला आणि पंख्याचा स्क्रू ढिला आहे हे सांगितलं. मुलगा गणपतीला आला तेव्हा शिवरामची बायको ओटीवर पोरीच्या बाळंतपणासाठी आतापासूनच डिंक निवडत बसलेली त्याला दिसली, आणि डोंबिवलीचं नाव पुन्हा निघालं नाही. फळेवाले पुढे डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर मुलीकडे भोरला गेले. आता कॉलनीतल्या बायका आळीपाळीने फळा लिहितात. अक्षर चांगलं असतं. खोली बघायला जातात तेव्हा त्यांच्यातली एक पेपर पसरून पडते म्हणे, मी बघितलं नाही.

पण मी "बघतो" म्हटलं तेव्हा ह्यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. गणपतीला अकरा दिवस होते. संध्याकाळभर मी ओटीवर बसून त्या कुंपणाकडे बघत राहिलो. मी स्वतः लावलेलं, एकेक कांडी रोवून, पाणी घालून.

दुसऱ्या दिवशी उजाडताच डोक्याला टॉवेल गुंडाळला, डोळ्यांवर मुलाचा जुना गॉगल चढवला, कोयता घेतला आणि शेर तोडायला सुरुवात केली. खाट घेऊन दोन माणसं धड जातील एवढी रुंद वाट काढली. ती चालून पलीकडे गेलो. शिवराम दात घासत दारात उभा होता. मी त्याच्याशी न बोलता जिना चढलो, चौदा पायऱ्या, स्लॅबवर एक फेरी मारली आणि खाली आलो.

"जिन्याला कठडा नाय," मी म्हटलं. "तोंड धू आणि ये. बांबू तोडायला जाऊ."